वाढप्याची नजर

मनुष्याचा स्वभाव ओळखावयाचा असल्यास त्याच्याबरोबर प्रवास करावा, असें म्हणण्याची चाल आहे. आमच्या मतें इतकें लांब जाण्याचें कारण नाहीं. त्याच्याबरोबर एकाच बशींतून जेवावयास बसलें तरी पुरे. प्रवासास पैसा व रजा लागते; जेवणास तास-दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळांत मनुष्य एक शब्दहि न बोलतां, केवळ हाताच्या हालचालीनें, आपलें अंतरंग उघड करून दाखवितो. हा विचार आमच्या मनांत अलीकडे एका प्रसंगानें आला. त्या प्रसंगांत जो स्वभाव उघडा पडला तो दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच होता. म्हणून तो वाचकांपुढें मांडतांना आम्हांस कोणाची भीड बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं.

पुण्यांत डेक्कन जिमखान्याच्या बाजूस, एका आडगल्लींतील जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, एक लहानसें उपाहारगृह आहे. आंत टेबलें आठ-दहाच. दिवे मंद आणि पिवळसर. भिंतींच्या विटा उघड्या ठेवलेल्या. आणि स्वयंपाकघर व बैठक यांच्यामध्यें आडपडदा नसल्यामुळें परतलेल्या लसणाचा वास थेट गिऱ्हाइकापर्यंत येतो. जागा इतकी अडचणीची कीं शेजारच्या टेबलावरील गोष्टी न ऐकणेंच कठीण. तरी त्या अडचणींतहि एक प्रकारची ऊब आहे, व कोणा स्नेह्याच्या घरीं बसल्यासारखें वाटतें. येथील पदार्थांस ‘स्मॉल प्लेट्स’, म्हणजे लहान बशा, असें म्हणतात. आम्ही बसल्यावर तेथील तरुण सेवकानें मोठ्या आर्जवानें खुलासा केला: “आमच्याकडे पदार्थ तयार होतील तसे येतात. हा याचा, तो त्याचा, असं कांहीं नसतं. सगळं मधे ठेवायचं आणि वांटून घ्यायचं.”

आम्ही चौघे शाळूसोबती. एक डॉक्टर, एक बँकेंतून नुकतेच निवृत्त झालेले अधिकारी, एक माध्यमिक शाळेंत तीस वर्षें गणित शिकवून आतां घरीं बसलेले मास्तर, आणि चौथे आम्ही. मंडळी बऱ्याच वर्षांनीं जमलेली. त्यामुळें गप्पांस लवकरच रंग चढला. बशा येऊं लागल्या. भाजलेलें बीट व त्यावर चक्का, लसणाच्या तेलांत परतलेली अळंबी व पावाचे भाजलेले काप, मग कोळंबी, मग बटाट्याचीं लहान क्रोकेट्स, आणि तीं नेमकीं तीन. चौघांत तीन नग कसे वांटावे, हें कोडें गणिताच्या मास्तरांनींच सोडवावें, असा विनोद निघाला. मास्तरांनीं हंसून “मला नको” असें उत्तर दिलें, आणि कोडें सुटलें. त्या वेळीं आम्हांस तें उत्तर फार सोयीचें वाटलें.

मास्तर शाकाहारी, तेव्हां निम्म्या बशा त्यांच्या उपयोगाच्याच नव्हत्या. शिवाय ते सावकाश जेवणारे. घास तोंडांत असतांना बोलावयाचें नाहीं, व दुसऱ्याचें बोलणें चाललें असतां हात पुढें करावयाचा नाहीं, ही त्यांची लहानपणापासूनची शिस्त. बशी मध्यें येई, सर्वांचे काटे तींत पडत, आणि मास्तरांचा हात पोंचेपर्यंत तींत तेल व कोथिंबीर तेवढी उरे. शेवटीं बिल आलें. बँकेच्या गृहस्थांनीं फोन काढून क्षणांत त्याचे चार भाग केले. प्रत्येकाच्या वांट्यास अठराशें रुपये आले, व प्रत्येकानें आपापल्या फोनवरून ते चुकते केले. मास्तरांनींहि केले. बाहेर रिक्षाची वाट पाहत असतां ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं, मी जरा पाय मोकळे करतो.” आमची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तेव्हां मास्तर वडापावाच्या गाडीपाशीं उभे दिसले. सावकाश जेवणारे आमचे मास्तर तेथें उभ्याउभ्या भराभर खात होते.

त्या रात्रीं आम्हांस स्वस्थ झोंप लागली नाहीं. आम्हीं कोणाचें कांहीं चोरलें नव्हतें. कोणाचा अपमान केला नव्हता. हिशेबांत लबाडी केली नव्हती. तरीहि एक मनुष्य तिघां मित्रांबरोबर दोन तास बसून, खर्चाचा चौथा हिस्सा भरून, उपाशी उठला ही गोष्ट खरी होती. मग अन्याय झाला कोठें, आणि तो केला कोणीं? प्रश्न क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या अन्यायास कर्ता सांपडत नाहीं तो क्षुल्लक असला तरी विचार करण्याजोगा असतो. कारण संसारांतले बरेचसे अन्याय याच जातीचे असतात.

प्रथम या पद्धतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ती कांहीं पुण्यांत उपजलेली नव्हे. स्पेन देशांत पेयाबरोबर खावयाच्या लहानशा पदार्थास तापा म्हणतात. तापा म्हणजे झांकण. पूर्वीं पेल्यावर पावाचा किंवा मांसाचा काप झांकणासारखा ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें अशी तिकडील लोकप्रिय कथा आहे. ग्रानादा शहरांत पेय मागविलें कीं त्याबरोबर तापा फुकट देण्याची चाल अद्याप टिकून आहे. तुर्कस्तान, लेबनॉन व ग्रीस या देशांत मेझे नांवाच्या अशाच लहान बशा टेबलभर मांडतात. जपानांतील इझाकाया नामक पानगृहांतहि मंडळी मध्यें बशा ठेवून वांटून खातात. हीच रीत गेल्या कांहीं दशकांत लंडन व न्यूयॉर्क येथील उपाहारगृहांनीं उचलली, आणि पुढें ती मुंबई-पुण्यासहि आली.

ज्या समाजांत ही रीत जुनी आहे त्या समाजांस तिच्यांतील नीतीचा पेंच केव्हांच कळून चुकला आहे. बशींतला शेवटचा घास कोणीं उचलावा, हा तो पेंच. स्पेनमध्यें त्या घासास ‘लाजेचा’ असें म्हणतात. जपानच्या कान्साई भागांत त्यास ‘संकोचाचा गोळा’ अशा अर्थाचें नांव आहे. एकमेकांपासून हजारों कोस दूर असलेल्या दोन समाजांस एकाच घासाला नांव द्यावेंसें वाटावें, आणि दोन्ही नांवांत लाजेचाच उल्लेख असावा, यावरून मनुष्यस्वभाव सर्वत्र किती सारखा आहे हें दिसून येतें.

परंतु आमच्या चौघांचें उदाहरण पाहतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, शेवटचा घास हा खरा पेंचच नव्हे. त्याजवर सर्वांची नजर असते. तो उचलणारा पकडला जातो, म्हणून तो कोणी उचलीत नाहीं, व आपण फार सभ्य आहों असें प्रत्येकास वाटतें. त्यापूर्वींचे जे आठ-दहा घास गेले ते कोणाच्या तोंडीं गेले हें कोणीच मोजलेलें नसतें. त्या रात्रीं बिटाचा शेवटचा तुकडा पाव घटका तसाच पडून होता. आम्ही तिघांनींहि तो मोठ्या अदबीनें एकमेकांस देऊं केला. लाज शेवटच्या तुकड्यापाशीं पहारा करीत बसली होती, आणि मास्तरांचा वांटा तत्पूर्वींच आमच्या पोटांत गेलेला होता.

आमच्याकडील पंगतींत ही अडचण येत नसे. तेथें प्रत्येकाचें पान निराळें. वर मध्यभागीं मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आणि मध्यें भाताची मूद व तीवर वरण. पानाची कड हीच ज्याच्या त्याच्या वांट्याची शीव. शेजाऱ्याच्या पानांत हात घालण्याची गोष्ट स्वप्नांतहि येत नसे, कारण उष्ट्याखरकट्याचा विचार आड येई. त्यामुळें न्यायाची चिंता जेवणाऱ्यास करावी लागत नसे. ती वाढप्यानें करावयाची. चांगला वाढपी पातेलें घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता धांवत नाहीं. तो पानें पाहत जातो. कोणाचा भात कोरडा राहिला आहे, कोण भिडेनें ‘नको’ म्हणतो व कोण तृप्त होऊन म्हणतो, कोणतें मूल मोठ्या माणसांच्या मध्यें बसल्यामुळें मागावयास भितें, हें त्यास न विचारतां कळतें. पहिल्या ‘नको’वर विश्वास ठेवावयाचा नाहीं, हा आपल्याकडील आग्रहाचा मूळ अर्थ. त्या आग्रहाचा अतिरेक होऊन पानांत अन्न वायां जाई, व त्याची थट्टाहि पुष्कळ झाली आहे. परंतु संकोचाच्या मागें भूक लपलेली असूं शकते, ही जी शंका त्या आग्रहाच्या मुळाशीं होती ती मोठी शहाणपणाची होती.

तथापि जुन्या पंगतीचे गोडवे गाऊन थांबणें हा अप्रामाणिकपणा होईल. वाढपी ओळखीचा असला कीं पंगतींत कोठेंहि बसावें, ही म्हणहि याच समाजानें केली आहे. तुपाची धार यजमानाच्या व्याह्यांच्या पानावर जितकी सैल पडे तितकी गरीब भिक्षुकाच्या पानावर पडत नसे. याहून मोठा दोष असा कीं, पंगतींत बसावयास मुळीं कोणास मिळे, हा प्रश्न वाढप्याच्या कक्षेबाहेरचा होता. घरच्या स्त्रिया मागाहून, जें उरेल त्यांत, जेवत. आणि परजातीच्या मनुष्यास तर दाराच्या आंत येण्याचीच बंदी. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेच्या सभासदांस जातिबंधन मोडून एकत्र खाणें गुप्तपणें करावें लागलें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रसंगावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांवरहि ग्रामण्य झालें, व प्रायश्चित्ताचा वाद माजला. ज्या शहरांत पेलाभर चहानें एवढें वादळ उठलें त्याच शहरांत आज चार निरनिराळ्या घरचे चौघे एका बशींत काटे घालतात व त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. मध्यें ठेवलेली बशी पंक्तिभेद मोडते. म्हणून आम्ही तिच्या विरुद्ध नाहीं.

मात्र जुनी व्यवस्था मोडली म्हणजे तिनें आजवर चालविलेलें एखादें काम बेवारशी होतें, व तें बेवारशी झालें हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. उपाहारगृहांतील सेवक बशी आणून ठेवतो. तो वाढीत नाहीं. कोणीं किती खाल्लें हें पाहणें त्याचें काम नव्हे, व तो तसें पाहूं लागला तर आम्हांसच राग येईल. तेव्हां वाढप्याचें काम संपलें असें नव्हे. तें जेवणाऱ्यांवर येऊन पडलें. सामायिक बशीपुढें बसणारा प्रत्येक मनुष्य पंगतीला बसलेला पाहुणाहि असतो व पंगतींत फिरणारा वाढपीहि असतो. त्या रात्रीं आम्ही केवळ पाहुणे होतों. आम्हीं केलेल्या अन्यायास कर्ता सांपडत नव्हता त्याचें कारण हेंच. अधिक घेणारा मनुष्य दुष्ट असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो नुसता रंगांत आलेला असतो. एकत्र कुटुंबांतील पैसा, सामायिक विहिरीचें पाणी, सभेंतील बोलण्याचा वेळ, या सर्वांची वांटणी जेथें आंखून दिलेली नसते तेथें चपळ हाताच्या व मोठ्या आवाजाच्या मनुष्यास अधिक मिळतें, आणि त्यास त्याची वार्ताहि नसते.

आतां बिलाची गोष्ट. चार माणसें, चार समान भाग. यांत अन्याय कसला, असें सकृद्दर्शनीं वाटतें. परंतु ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत न्यायाचें विवेचन करितांना दाखविलें आहे कीं, वांटणींतील न्याय म्हणजे सर्वांस सारखें देणें नव्हे. तो प्रमाण पाहून ठरवावा लागतो. ज्यानें चार घास खाल्ले व ज्यानें चाळीस खाल्ले त्या दोघांस एकच आंकडा लावणें ही समता दिसावयास सरळ, पण फळांत वांकडी. या बाबतींत एक मनोरंजक प्रयोगहि झालेला आहे. उरी ग्नीझी, एर्नान हारूवी व हादास याफे या तिघां अर्थशास्त्रज्ञांनीं इस्रायलांतील एका उपाहारगृहांत सहा-सहा अनोळखी माणसांस एकत्र बसविलें, व त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध केला. ज्यानें त्यानें आपलें द्यावयाचें असें ठरलें तेथें माणशीं सुमारें ३७ शेकेलचें खाणें मागविलें गेलें. बिल समान वांटावयाचें ठरलें तेथें सुमारें ५१. आणि सर्व खर्च प्रयोग करणारे देणार असें ठरलें तेथें सुमारें ८२. याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, आगाऊ विचारलें असतां बहुतेकांनीं आपलें आपण द्यावें हीच रीत पसंत केली. म्हणजे समान वांटणी बहुतेकांस नको असते, तरीहि ती होते. कारण ‘नको’ हा शब्द प्रथम उच्चारण्यास कोणी धजत नाहीं.

मग मित्रांनीं घासाघासाचा जमाखर्च ठेवावा काय? तसें करणें म्हणजे मैत्रीचें दुकान मांडणें होय. परंतु स्पेनच्याच उत्तर भागांत, बास्क प्रांतांतील सान सेबास्तियान शहरीं, एक बोधप्रद चाल आहे. तेथें पिंचो नांवाचे लहान पदार्थ, कित्येक काडीला टोंचलेले, दुकानाच्या फळीवर मांडून ठेवतात. गिऱ्हाइकानें आपल्या हातानें उचलावें, खावें, व निघतेवेळीं किती खाल्लें तें आपणच सांगावें, अशी पुष्कळ जुन्या दुकानांतील रीत; कोठें कोठें बशींत उरलेल्या काड्या मोजून हिशेब करितात. या रीतींतील मर्म आम्हांस असें दिसतें कीं, येथें प्रत्येकानें आपल्याच काड्या मोजावयाच्या आहेत, शेजाऱ्याच्या नव्हे. वाढप्याची नजर व ही रीत एकत्र केली म्हणजे सामायिक बशीचा सबंध धर्म हातीं येतो. दुसऱ्याच्या पानाकडे पाहावें तें त्यास काय कमी पडलें हें कळण्यासाठीं, आणि आपल्या पानाकडे पाहावें तें आपण किती घेतलें हें कळण्यासाठीं. आपली नित्याची रीत नेमकी याच्या उलट असते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, साठी उलटलेल्या मनुष्यास तोंड आहे. त्यास भूक होती तर त्यानें मागावयाचें होतें, व पैसे अधिक वाटले तर तसें म्हणावयाचें होतें. दुसऱ्यांनीं त्याच्या मनांतलें ओळखावें हा आग्रह कशास? आक्षेप अगदींच निराधार नाहीं, हें आम्ही कबूल करतों. संकोच हा सद्गुणच आहे असें नाहीं, व मित्रांपाशीं स्पष्ट बोलणें हेंहि मैत्रीचें एक अंग आहे. परंतु ज्यास बोलण्याची गरज सर्वांत अधिक त्यासच बोलणें सर्वांत महाग पडतें, ही अडचण आक्षेपकाच्या लक्षांत आलेली नाहीं. डॉक्टरांनीं “मी आज कमी खाल्लं, मी कमी देतों” असें म्हटलें असतें तर तो विनोद झाला असता. तेंच वाक्य पेन्शनवर राहणाऱ्या मास्तरांनीं उच्चारलें असतें तर ती आपल्या परिस्थितीची जाहीर कबुली झाली असती. आणि आपण मित्रांबरोबर बरोबरीनें बसलों आहों हा जो आनंद मिळविण्यासाठीं ते तेथें आले होते तोच त्या एका वाक्यानें नाहींसा झाला असता. अठराशें रुपये देऊन त्यांनीं तो आनंद राखला. तेव्हां पहिला शब्द बोलण्याचें ओझें कमी घेणाऱ्यावर टाकणें बरें नव्हे. ज्यानें अधिक घेतलें, किंवा ज्यास देण्याची ऐपत अधिक, त्यानें तो आपण होऊन उच्चारावा, आणि बिल येण्यापूर्वीं उच्चारावा. म्हणजे तो उपकार होत नाहीं.

आम्हांस हें सर्व सुचलें तें बिल दिल्यानंतर. पंधरा दिवसांनीं आम्ही मास्तरांच्या घरीं गेलों, व आढेवेढे घेत तो विषय काढला. मास्तर हंसले. “अरे, त्यांत काय एवढं! तुम्ही सगळे रंगांत आला होतांत. मधेच हात घालायचं म्हणजे मलाच कसंसं वाटलं. आणि वडापाव मला आवडतो, तुम्हांला ठाऊक आहे.” ते असें म्हणाले खरें; परंतु आम्हांस तें ठाऊक नव्हतें. पैशांची गोष्ट आमच्यानें काढवली नाहीं. ती काढली असती तर त्यांनीं राखलेलें आम्हींच मोडलें असतें. तो हिशेब अद्याप आमच्या अंगावर आहे, व तो रुपयांनीं फिटण्यासारखा आतां राहिलेला नाहीं.

इतक्यांत वहिनींनीं पोह्यांचें पातेलें व बशा बाहेर आणून ठेवल्या. मास्तरांनीं पळी हातीं घेतली, पहिली बशी भरली, तींत वरून ओल्या खोबऱ्याची आणखी एक चिमूट घातली, व ती आमच्या हातीं दिली. आम्हांस खोबरें अधिक लागतें, हें त्यांस शाळेच्या डब्यापासून माहीत होतें.